आतला तपकिरी रंग
जुनी अमेरिकी दगडी मातीची (स्टोनवेअर) बरणी बाहेरून राखाडी, मग आतून तपकिरी का, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की कुंभार मीठ आत फेकायचे. त्याच्या वाफेतला सोडियम मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेचा थर बनतो; हात फिरवला तर अगदी संत्र्याची साल. पण एकावर एक रचलेल्या भांड्यांच्या आत वाफ पोचायची नाही, म्हणून १९व्या शतकात आतून ऑल्बनीच्या (न्यूयॉर्क राज्यातलं शहर) मातीचा लेप देत; भाजल्यावर तोच तपकिरी होतो.

आणि हो, बरणीवर 'कॉर्लिअर्स हुक' असा शिक्का आहे का बघा. न्यूयॉर्क शहरातल्या याच नावाच्या भागात थॉमस कॉमेरॉची भट्टी होती. हा स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेला, कृष्णवर्णीय कुंभार, पण कित्येक वर्षं संग्राहक त्याला गोराच समजत होते!