चेक भाषेचा उन्हाळी वर्ग: प्राग की ओलोमोउत्स?

कळसूत्री:
मी बाहुल्यांचे प्रयोग करते. चेक बाहुलीनाट्य जवळून पाहायचंय, आणि भाषा न शिकता ते अर्धंच कळेल. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात महिनाभराचा चेकचा वर्ग करायचं ठरवलंय. प्रागचं चार्ल्स विद्यापीठ, ब्र्नोचं मासारिक आणि ओलोमोउत्सचं पालात्स्की, तिन्हीकडे असे वर्ग होतात. सगळे म्हणतात प्रागलाच जा. मला लिपी वाचता येते, दोन-चार वाक्यं जमतात, पण सात विभक्त्या ऐकून धडकी भरते. तिथे शिकून आलेल्यांनी कृपया सांगा.

नदीकाठ:
ओलोमोउत्सला जा. मी तिथेच शिकले.

प्रागच्या जुन्या शहरात चेकमध्ये काही मागितलं की उत्तर इंग्रजीत येतं. गर्दीच तेवढी असते, त्यांचा दोष नाही. ओलोमोउत्सच्या बेकरीतली बाई मात्र माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची आणि तेच वाक्य नीट करून परत म्हणायची. हातात महिनाच असेल तर अशी माणसं रोज भेटणं फार मोलाचं. शिवाय वर्गात 'दोब्री' (चांगला) शिकायचं आणि प्रागच्या रस्त्यावर 'दोब्रेय' ऐकायचं, हा घोळ टळतो. ओलोमोउत्स ज्या मोराव्हिया प्रांतात आहे, त्याला स्वतःच्या बोली आहेत, पण तिथलं बोलणं मला पुस्तकाच्या जवळचं वाटलं.

विभक्त्यांचं ओझं घेऊ नका. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत. बोलणारा पुरुष की बाई हे 'मी होतो', 'मी होते' यातून कळतं, तसंच त्यांच्या भूतकाळातही कळतं. कुणाला हाक मारताना नावाचं रूप बदलतं. चमच्यातला च आणि चंद्रातला च हे दोन्ही त्यांच्याकडे वेगळे आहेत, आणि आपली जीभ ते न शिकवता करते. र आणि झ एकाच झटक्यात म्हणायचा तो एक आवाज मात्र रोज घोटावा लागतो. स्वराचं ऱ्हस्व-दीर्घ नीट पाळा, त्याने अर्थ बदलतो. शिक्षकांशी आणि दुकानात 'तुम्ही'चं रूप, वर्गातल्या मुलांशी 'तू'. दुकानात शिरताना 'दोब्री देन' (नमस्कार) म्हणायला विसरू नका.

आणि दुपारी बाराला नगरभवनाच्या घड्याळासमोर उभ्या राहा. जुनं घड्याळ १९४५ मध्ये युद्धाच्या शेवटी उद्ध्वस्त झालं. १९५० च्या दशकात ते पुन्हा उभारताना संतांच्या जागी कामगार आणि खेळाडू आले. त्या हलत्या आकृत्या बघताना तुम्हाला बाहुलीकाराच्या नजरेने बरंच काही दिसेल.

जुना_प्रवासी:
नदीकाठ यांच्याशी सहमत. बाहुल्यांसाठी प्रागमध्ये मुक्काम करायची गरज नाही. ख्रुदिम नावाच्या गावात बाहुल्यांचं संग्रहालय आहे आणि १९५१ पासून तिथे बाहुलीनाट्याचा महोत्सव भरतो, साधारण जुलैच्या सुरुवातीला. प्राग-ओलोमोउत्स गाडी पार्दुबित्सेवरून जाते, तिथे उतरून ख्रुदिम जवळच आहे. वर्गाच्या तारखा पाहून आधी तिथे जा.

भाषा शिकायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. शहरांत आणि कचेऱ्यांत जर्मनचा दबदबा होता तेव्हा मातेय कोपेत्स्कीसारखे (१७७५–१८४७) फिरते बाहुलीकार गावोगाव चेकमध्ये खेळ करत होते. पुढे प्ल्झेनमध्ये योसेफ स्कुपा यांनी श्पेय्ब्ल आणि हुर्विनेक ही बाप-लेकाची जोडी उभी केली. नाझींनी स्कुपांना १९४४ मध्ये अटक केली. ड्रेस्डेनवर बॉम्बहल्ला झाला तेव्हा तिथल्या तुरुंगातून ते निसटले. त्या बाप-लेकाची सगळी गंमत बोलण्यात आहे, दोन्ही आवाज स्कुपाच काढायचे. चेक येत नसेल तर फक्त दोन लाकडी डोकी हलताना दिसतील.

कळसूत्री:
दोघांचे मनापासून आभार. ओलोमोउत्स पक्कं! व्हिसाचं काय?

नदीकाठ:
९० दिवसांच्या आत परतणार असाल तर शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा) अल्पमुदतीचा व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण विद्यापीठाचं प्रवेशपत्र हाती येताच करा, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पोहोचल्यावर तीन कामकाजी दिवसांत परदेशी नागरिकांचं काम पाहणाऱ्या तिथल्या पोलीस विभागाकडे नोंद व्हावी लागते. वसतिगृह ती करून देतंय का, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि चेकमध्येच विचारा!