ताईचं स्लीव्ह ऑपरेशन नव्या स्टेपलरच्या चाचणीत करायचं का? सही करण्याआधी काय काय विचारू?

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, माझी थोरली बहीण. वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५च्या घरात. नऊ वर्षांपासून शुगर आहे आणि रात्री सीपॅपचं (झोपेत श्वास चालू ठेवणारं) मशीन लावल्याशिवाय झोप नाही. डाएट, चालणं, काढे सगळं करून झालंय, कृपया त्यावर सल्ले देऊ नका. दुर्बिणीतून स्लीव्ह, म्हणजे वजन कमी करण्यासाठी जठर लहान करण्याचं ऑपरेशन, करायचं हे घरात पक्कं झालं आहे. सर्जनही आम्हाला पसंत आहेत, अनुभवी आहेत, घाई करत नाहीत.

मागच्या आठवड्यात त्यांनी वेगळाच विषय काढला. त्यांच्याकडे एका नव्या स्टेपलरची (जठर कापून कडा पिनांनी बंद करणाऱ्या उपकरणाची) चाचणी चालू आहे आणि ताई त्यात बसते. नेहमीच्या पद्धतीत जठरात एक जाड नळी घालतात, तिच्या कडेकडेने ६० मिमीचा स्टेपलर पुन्हा पुन्हा मारत वर जातात आणि जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात. एकेका पेशंटला पाच-सहा वेळा मारावा लागतो. एक मार संपतो तिथून दुसरा सुरू, म्हणजे मध्ये सांधे येतात. नवं उपकरण ही सगळी रेष एका झटक्यात मारतं. कोणाला नवं आणि कोणाला नेहमीचं हे संगणक ठरवणार, आपल्या हातात नाही. पुढे वर्षभर तपासण्या.

ताई तयार आहे. "कोणीतरी आधी केलं म्हणूनच माझ्या वाट्याला दुर्बीण आली ना? नाहीतर पोट फाडलं असतं," असं ती म्हणते. भावोजींचा साफ विरोध आहे, त्यांना यात फक्त 'प्रयोग' हा शब्द ऐकू येतो. आई काही बोलत नाही, नुसती देवघरात जाऊन बसते.

आता मला खटकलेली गोष्ट. कोऑर्डिनेटर मॅडमनी उपकरण आमच्या हातात दिलं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा लांब जबडा. फोमच्या पट्टीवर मारून दाखवलं, मधून कापलं गेलं आणि दोन्ही बाजूंना पिनांच्या तीन तीन रांगा बसल्या. आठवण म्हणून पट्टी मागून घेतली आणि घरी बाबांच्या भिंगाखाली पाहिली. पिना नीट मुडपल्या की इंग्रजी बी अक्षरासारख्या दिसतात, असं मॅडमनीच सांगितलं होतं. बाकी सगळ्या तशाच आहेत, पण एका टोकाला दोन पिनांचे पाय उघडे राहिलेत. मी तीनदा पाहिलं, फोटोही काढला. हे ताईच्या जठरात झालं तर?

संमतीपत्र मराठीत आहे, २२ पानं. मी सगळं वाचलं, पण नेमकं काय शोधायचं ते कळत नाही. ज्यांना ऑपरेशन थिएटरचा (ओटीचा), चाचण्यांचा किंवा या ऑपरेशनचा स्वतःचा अनुभव आहे त्यांनी सांगा, सही करण्याआधी मी काय विचारू? ताईला अडवायचं नाहीये मला. तिने डोळे उघडे ठेवून सही करावी एवढंच हवंय.

प्रतिसाद १

मी ओटी सिस्टर आहे, १९ वर्षं झाली. बेरियाट्रिकच्या, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या केसेस नेहमी असतात.

आधी पट्टीबद्दल. फोम म्हणजे जठर नव्हे. फोम दाबला की चपटा होतो आणि पुन्हा फुगतो. जठराच्या भिंतीत पाणी आणि रक्त असतं, म्हणून जबडा मिटल्यावर आम्ही पंधरा-वीस सेकंद थांबतो, भिंत दबून बसली की मग मारतो. डेमोत कोणी थांबत नाही. त्यामुळे टोकाच्या दोन पिना उघड्या दिसल्या म्हणून एकदम घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. पट्टी सर्जनना दाखवा आणि ते काय म्हणतात ते बघा.

माझ्या मते खरा प्रश्न दुसराच आहे. जठर खालच्या बाजूला जाड असतं आणि वर अन्ननलिकेकडे जाताना पातळ होत जातं. म्हणून आम्ही खाली हिरवं कार्ट्रिज (स्टेपलरमधली पिनांची पट्टी) लावतो, वर गेलं की निळं. हिरव्यातल्या पिना उंच, निळ्यातल्या बुटक्या. जाड भिंतीला बुटकी पिन लावली तर पाय मुडपत नाहीत आणि पातळ भिंतीला उंच लावली तर पकड ढिली राहून रक्त येतं. सहा वेळा मारताना मध्ये रंग बदलता येतो, एका झटक्यात मारताना येणार नाही. मग हे उपकरण दोन्ही जाडी कशी सांभाळतं? हे सर्जनना जरूर विचारा, कारण लीक झालं, म्हणजे पिनांच्या रेषेतून जठरातलं बाहेर गळलं, तर बहुतेक वेळा वरच्या टोकाशी, अन्ननलिका जठराला मिळते तिथे होतं.

दुसरं, पोर्ट (पोटावरच्या छिद्रात बसवलेली, उपकरणं आत घालायची नळी) केवढा लागतो? नेहमीचा स्टेपलर १२ मिमीच्या पोर्टमधून जातो. मोठा पोर्ट असेल तर आतला पडदा टाका घालून बंद करणार ना, हे विचारा, नाहीतर तिथे हर्निया होऊ शकतो. तिसरं, नवं उपकरण मध्येच अडकलं तर? नेहमीचा स्टेपलर त्याच ओटीत तयार असलाच पाहिजे, गोडाऊनमध्ये नव्हे.

कल्पना अगदी पहिल्यांदाच येतेय असंही नाही. अमेरिकेत टायटन एसजीएस नावाच्या २३ सेंमीची सलग रेष मारणाऱ्या स्टेपलरला एफडीएची मान्यता २०२१ मध्ये मिळाली. पण तुमचं उपकरण वेगळं असेल तर त्याचे निकाल याला लावता येणार नाहीत.

प्रतिसाद २

एका एथिक्स कमिटीवर (चाचण्यांना मंजुरी देणारी समिती) मी चार वर्षं सामान्य नागरिक म्हणून होतो, डॉक्टर नाही. अशा कमिटीत किमान सात जण लागतात आणि त्यात एक वकील व एक सामान्य माणूस असावाच लागतो, तो मी.

तुमच्या २२ पानांत हे शोधा.

सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक. भारतातल्या चाचण्यांची ही सरकारी नोंदवही ऑनलाइन आहे, आयसीएमआरकडून चालते आणि पहिला पेशंट घेण्याआधी तिथे नोंद व्हायला हवी. क्रमांक टाकून स्वतः उघडून बघा. किती पेशंट घेणार, काय मोजणार, खर्च कोणाचा, सगळं तिथे असतं. आणि ते संमतीपत्राशी जुळतं का तेही बघा.

मग टप्पा. उपकरणांसाठी २०१७चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स लागू आहेत. त्यात चाचणी 'पायलट' आहे की 'पिव्होटल' हे ठरलेलं असतं. पायलट म्हणजे माणसांवरचा पहिला, थोड्या जणांवरचा टप्पा. पिव्होटल, म्हणजे त्यानंतरचा मोठा टप्पा, असेल तर आधीच्या टप्प्याचे निकाल हातात असतात. ते मागा, तो तुमचा हक्क आहे. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर काय केलं तेही विचारा. जठरांच्या स्टेपलरसाठी बहुधा डुकराचं जठर घेतात. शिवाय स्लीव्हमध्ये माणसाच्या जठराचा जो तुकडा बाहेर निघतो, त्यावरही पिना मारून आत दाब वाढवत रेष कधी फुटते ते मोजता येतं. कोणाला धोका न देता खऱ्या माणसाच्या जठरावर होणारी ती चाचणी मला फार मोलाची वाटते. ती केली होती का, नक्की विचारा.

भरपाईचं पान सावकाश वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर भरपाई, हे स्पष्ट शब्दांत हवं.

'कधीही बाहेर पडू शकता' हे वाक्य प्रत्येक संमतीपत्रात असतं. औषधाच्या चाचणीत ते खरं आहे, उद्यापासून गोळी बंद. इथे पिना आयुष्यभर पोटातच राहणार, बाहेर पडलात तरी फक्त तपासण्यांमधून. म्हणजे ताईंचा खरा निर्णय भूल देण्याआधीच संपतो. हे त्यांना आणि भावोजींना एकत्र बसवून सांगा.

आणि मेडिक्लेम. बीएमआय ४०च्या वर असेल तर बाकीच्या अटी पाळून अशा ऑपरेशनचा क्लेम मिळू शकतो. पण पॉलिसीत 'अनप्रूव्हन ट्रीटमेंट' हे वेगळं कलम असतं, एक्सक्लूजन कोड १६. चाचणीतलं उपकरण वापरलं म्हणून टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) त्यावर बोट ठेवू नये, याचं उत्तर विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

प्रतिसाद ३

माझं स्लीव्ह होऊन तीन वर्षं झाली. स्टेपलर कुठलाही असो, घरी आल्यावर नाडी बघत राहा. बसल्या जागी १२०च्या वर गेली, ताप आला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. लीक घरी आल्यानंतरही उघडकीस येऊ शकतं. माझ्या सासूबाईंनी दहा दिवस रोज दोनदा वहीत नाडी लिहिली होती.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ताई, भावोजी आणि मी तिघं जाऊन आलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते.

क्रमांक तिसऱ्या पानावर होता, उघडून पाहिला, जुळतो. चाचणी पिव्होटल आहे. आधीच्या टप्प्याचा गोषवारा सर्जननी दाखवला आणि कोणाला काय त्रास झाला ते स्वतःहून सांगितलं. जाडीच्या प्रश्नावर ते म्हणाले, याच प्रश्नावर हे उपकरण उभं आहे. पिनांची उंची खालून वर कमी होत जाते, म्हणून ते उलटं धरून चालतच नाही. पोर्ट मोठा लागतो, आतून टाका घालणार. नेहमीचा स्टेपलर टेबलावर असणार, हे त्यांनी ताईच्या फाइलमध्ये माझ्यासमोर लिहिलं. काढलेल्या जठराच्या तुकड्यांवरची चाचणी झाली आहे.

पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा काढून खिडकीपाशी नेऊन पाहिली. फोमचंच कारण असावं म्हणाले, पण हसण्यावारी नेलं नाही. पाकिटात घालून वर तारीख लिहिली आणि कंपनीकडून लेखी उत्तर येईपर्यंत ताईची सही घेणार नाही असं सांगितलं. शुक्रवार आता पुढे गेला आहे. येताना गाडीत भावोजींनी पहिल्यांदाच ते २२ पानांचं संमतीपत्र मागून घेतलं.

राहिला प्रश्न मेडिक्लेमचा. विमा कंपनीला ईमेल केली आहे, अजून उत्तर नाही. चाचणीत असताना क्लेम मंजूर झालेलं कोणी इथे असेल तर पत्रात नेमका काय मजकूर घेतला होता ते कृपया सांगा.