बी रिपोर्ट आलाय, केस पुढं चालवता येते का? लवकर सांगा

सीमाभागी:
कोर्टाची नोटीस आलीय. पोलिसांनी बी रिपोर्ट, म्हणजे केस बंद करा असा अहवाल, टाकलाय म्हणे. सगळं कन्नडात. स्टेशनातनं सांगालेत, केस मिटली, आता काय होत नाही. आम्हाला मिटवायची नाही. पुढं चालवता येते का नाही तेवढंच सांगा. तारीख जवळ आलीय.

निपाणीकर:
केस कसली? मारामारी, जमीन, चेक? फिर्यादी कोण? कोर्ट कुठलं?

हलशीचे_मास्तर:
चेक परत आला असेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात. ही मुदत चुकवू नका.

गडहिंग्लजचा_पाटील:
कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. तिथं रिट टाका, भाषेचीही अडचण नाही.

निपाणीकर:
पाटील, घटना कर्नाटकातली असणार. मग हायकोर्ट धारवाडचं. आणि आधी मॅजिस्ट्रेट आहेत की.

सीमाभागी:
चेक नव्हे. बांधावरनं वडलांना मारलं, हात मोडला. सप्टेंबर २०२४. फिर्याद वडलांचीच. कोर्ट खानापूर. होय की नाही ते सांगा ना कुणीतरी.

धारवाडचे_वकील:
होय, चालवता येते. बी रिपोर्ट हे पोलिसांचं मत झालं, निर्णय मॅजिस्ट्रेटचा. फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकल्याशिवाय केस बंद करायची नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८५ मध्येच सांगितलंय. तुम्हाला नोटीस आली ती त्यामुळंच.

तारखेला वडलांना घेऊन जा आणि प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे रिपोर्टावर हरकतीचा अर्ज, द्या. रिपोर्ट मान्य नाही एवढंच लिहून भागत नाही. कुणाचा जबाब घेतला नाही, कुठला वैद्यकीय कागद जोडला नाही, ते नेमकं लिहा. मग मॅजिस्ट्रेट रिपोर्ट फेटाळून थेट दखल घेऊ शकतात, पुढचा तपास करायला सांगू शकतात, किंवा वडलांचा शपथेवर जबाब घेऊन खासगी फिर्यादीसारखी केस चालवू शकतात. कुणीच गेलं नाही तर मात्र रिपोर्ट मान्य होऊन जाईल. बी रिपोर्टची आणि साक्षीदारांच्या जबाबांची नक्कल आजच मागा.

शहापूरची_ताई:
माझं ऐका, लोकअदालतीत मिटवा. माझ्या दिरांची केस वर्षानुवर्षं चालली, शेवटी तडजोडच झाली. बांधाला बांध आहे, पेरणीला रोज तोंड बघायचं असतं.

निपाणीकर:
ताई, म्हाताऱ्या माणसाचा हात मोडलाय. मिटवायचं नाही असं त्यांनी पहिल्यांदाच लिहिलंय.

शहापूरची_ताई:
म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार, त्यांचाच विचार करून बोलले मी.

धारवाडचे_वकील:
ताई, तडजोडीचं नंतरही बघता येतं. रिपोर्ट मान्य झाला तर तडजोडीला तरी कोण येईल?

येळ्ळूरकर:
सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि इथं आपली माणसं न कळणाऱ्या कागदावर अंगठा देतात. नोटीस मराठीत मागा!

धारवाडचे_वकील:
मागणी रास्त आहे, पण त्यासाठी ही तारीख घालवू नका. कन्नड वाचणाऱ्याकडनं सगळं वाचून घ्या. जबाब वडलांनी मराठीतच सांगावा, कोर्ट भाषांतर करून घेतं.

निपाणीकर:
वकीलसाहेब, २०२४ ची घटना म्हणजे मुदत गेली नाही ना?

धारवाडचे_वकील:
साध्या दुखापतीला कोर्टानं दखल घ्यायची मुदत १ वर्षाची. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत, कमाल शिक्षा ७ वर्षं, तिथं मुदतीचं बंधन नाही. म्हणून एक्स-रे फार महत्त्वाचा. आहे का?

सीमाभागी:
एक्स-रे आहे, दवाखान्याचा दाखला पण आहे. बघितलेला गडी आता गोव्याला कामाला आहे, त्याचा जबाब घेतलाच नाही. त्याला तारखेला आणायला लागतंय काय?

धारवाडचे_वकील:
पहिल्या तारखेला नको. त्याचं नाव-पत्ता पिटिशनमध्ये घाला, त्याचा जबाब घेतला नाही हेही लिहा. कोर्ट साक्षीदार आणायला सांगेल तेव्हा बोलवा. एक्स-रे वडलांच्याच नावाचा आणि तारखेचा आहे ना, ते आत्ताच बघून इथं कळवा.