मदत हवी आहे: क्रिएटिनिन वाढलेलं असताना हार्मोन सुरू केलेत का कोणी?

नमस्कार. मी ट्रान्स स्त्री, वय ३१. हार्मोन घ्यायचं पक्कं ठरवलंय, पण क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.६ आहे, पोटॅशियम ५.० आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढतं आणि पुरुषी हार्मोन रोखायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोननेही वाढतं, म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायची खरंच धास्ती वाटते. कोणाला त्याऐवजी दुसरं काही दिलं होतं का? इस्ट्रोजेनचा पॅच लावला तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी, एवढं कळलंय.

मोठा घोळ ईजीएफआरचा (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यावरून काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाजे आकडा) आहे. त्याच क्रिएटिनिनवर 'पुरुष' धरलं की ५९ येतो, 'स्त्री' धरलं की ४४! रिपोर्ट हातात धरून कितीतरी वेळ बसून होते. किडनी तीच, मग कोणता आकडा धरायचा? शिवाय क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून. हार्मोननंतर स्नायू घटले आणि आकडा सुधारला, तर किडनी सुधारली असं कसं मानायचं? सिस्टॅटिन-सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली किडनीची रक्ततपासणी) कोणी करून घेतलीय का?

पुढच्या आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टना भेटायचंय. डोस सांगू नका, तो डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारू, आणि सुरुवातीला पोटॅशियम किती दिवसांनी तपासायला सांगितलं होतं, तेवढं अनुभवातून सांगा.