बर्फाळ समुद्रातले शिंपले गोठत कसे नाहीत? आणि ते खाणे निर्धोक असते का?

जिज्ञासू
ध्रुवांजवळच्या समुद्रांत पाण्याचे तापमान शून्याखाली जाते, तरीही तेथे शिंपले आणि खेकडे वर्षानुवर्षे जगतात. अंगात ऊब धरून ठेवण्याची कोणतीही सोय नसताना हे कसे घडते? दुसरी शंका अशी की, इतक्या थंड पाण्यात रोगजंतू वाढत नसतील, तर असे शिंपले कच्चे खाल्ले तरी चालतील का?

सागरवेडा
समुद्राचे पाणी क्षारांमुळे शून्याला नव्हे, तर सुमारे उणे १.९ अंश सेल्सिअसला गोठते. शिंपल्यांच्या शरीरातील द्रव भोवतालच्या पाण्याइतकाच खारट असतो, म्हणून पाणी गोठत नाही तोवर त्यांचे अंगही गोठत नाही. खरी अडचण माशांची आहे. त्यांचे रक्त समुद्रापेक्षा बरेच कमी खारट असल्यामुळे अतिथंड पाण्यातील अनेक माशांना बर्फाचे स्फटिक वाढू न देणारी खास प्रथिने रक्तात बाळगावी लागतात. पाण्याखाली राहणाऱ्या शिंपल्यांना त्यांची गरज पडत नाही.

मात्र भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील निळ्या मसलांची (खडकांना चिकटून राहणाऱ्या एका प्रकारच्या शिंपल्यांची) गोष्ट निराळी, आणि मला तीच अधिक विलक्षण वाटते. ओहोटीच्या वेळी ते कडाक्याच्या थंड हवेत उघडे पडतात आणि चक्क गोठतात. परंतु बर्फ पेशींच्या आत न होता बाहेरच्या द्रवात होतो. त्यामुळे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते, आतला द्रव अधिक दाट होतो आणि पेशी आक्रसल्या तरी फुटत नाहीत. शरीरातील निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ झालेला मसलसुद्धा भरतीचे पाणी आल्यावर पूर्ववत होऊ शकतो. कवच मिटलेले असताना तो काही काळ प्राणवायूशिवायही तग धरतो. थंडीत सगळे व्यवहार संथ होतात. आइसलँडजवळ २००६ साली मिळालेल्या एका शिंपल्याचे वय कवचावरील वाढीच्या रेषांवरून ५०७ वर्षे ठरले.

रसायनप्रेमी
दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. थंडीचा फायदा व्हिब्रिओ या पोटाचे विकार करणाऱ्या जिवाणूंच्या गटापुरता खरा, कारण ते कोमट पाण्यात वाढतात. अलास्कात २००४ साली कालवे खाऊन लोक आजारी पडले, त्या उन्हाळ्यात तेथील पाणी १५ अंशांच्या वर गेले होते. सांडपाण्यातून येणारा, उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू मात्र थंडीत उलट अधिक काळ टिकतो, आणि पाणी गाळून अन्न मिळवणारे शिंपले तो शरीरात साठवतात.

त्याहून मोठा धोका सूक्ष्म शैवालांच्या विषांचा आहे. अलेक्झांड्रियम या शैवालापासून येणारे सॅक्सिटॉक्सिन मज्जातंतूंचे कार्य रोखते, आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास माणूस दगावू शकतो. या विषाला चव नसते, वास नसतो आणि ते शिजवल्यानेही नाहीसे होत नाही. थंडीच्या महिन्यांतले शिंपले सुरक्षित, हा समज किती फसवा आहे ते कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरील मसलांनी १९८७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दाखवून दिले. त्यांतील डोमोइक आम्ल या सूक्ष्म शैवालांच्याच दुसऱ्या विषामुळे शंभरावर लोक आजारी पडले, काही दगावले आणि काहींची स्मरणशक्ती कायमची बाधित झाली.

जिज्ञासू
सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. मग घरी फ्रीझरमध्ये ठेवून नंतर नीट शिजवले, तर धोका किती उरतो? आणि खेकड्यांनाही हेच लागू होते का?

रसायनप्रेमी
गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण नोरोव्हायरस मरत नाही आणि विष तर जसेच्या तसे राहते. कवच उघडेपर्यंत वाफवणे पुरेसे नसते. आतील मांस ९० अंशांवर किमान दीड मिनिट राहिले पाहिजे. तेवढे करूनही विषाचा प्रश्न सुटत नाही, त्यामुळे अनेक देशांत पकडीच्या क्षेत्रांची नियमित तपासणी होते आणि सॅक्सिटॉक्सिनचे प्रमाण मांसाच्या किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की तेथील पकड बंद केली जाते. खेकड्यांत विष मुख्यतः पाचक ग्रंथीत साठते, म्हणून ती काढून टाकावी. पायांतील मांसाचा धोका पुष्कळ कमी असतो. शिंपल्यांचे तसे नाही, ते बहुधा आतड्यांसकट अख्खे खाल्ले जातात. त्यामुळे आपण स्वतः किनाऱ्यावरून गोळा केलेले, तपासणी न झालेल्या पाण्यातले शिंपले कितीही ताजे दिसले तरी खाऊ नयेत.