‘गालबोट’ : लावलेले आणि लागलेले

चर्चाप्रस्ताव

‘गालबोट’ या शब्दावरून आमच्या घरात सध्या दोन पक्ष पडले आहेत आणि त्याला कारण झाली ती बारशाच्या दिवशी गेलेली वीज. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ करण्यासाठी वाकावे, मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारावेत, नेमक्या त्या क्षणी वीज गेली, पंखे थांबले, आणि पाळण्याभोवतीच्या गर्दीने आधीच वैतागलेल्या बाळाने असे भोकाड पसरले की, त्याचे नाव काय ठेवले हे पुढे उभ्या असलेल्या चार बायकांखेरीज कोणालाही कळले नाही. रात्री भावोजींनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले, ‘सोहळा उत्तम झाला, फक्त वीज गेल्याचे गालबोट लागले.’ त्यावर माझ्या आईने लगेच उत्तर दिले, ‘जावईबापू, लागले ते फार बरे झाले.’ भावोजींना हा टोमणा वाटला. आईने मात्र तो अगदी मनापासून लिहिला होता.

वाद असा की, बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका बोटाने टेकवतात तो गालबोट. देखण्या चेहऱ्यात मुद्दाम एक उणे ठेवले की बघणाऱ्याची नजर तिथेच अडखळते आणि बाळाला दृष्ट लागत नाही, असा त्यामागचा समज आहे. म्हणजे आईच्या लेखी गालबोट हे संरक्षण. वर्तमानपत्रातले ‘मिरवणुकीला दगडफेकीचे गालबोट’ मात्र निव्वळ लांच्छन असते. त्या दगडांमुळे मिरवणूक दृष्टीपासून वाचली, असे अजून कोणत्या वार्ताहराने लिहिल्याचे मी पाहिलेले नाही. एकाच शब्दाला हे दोन उलटे अर्थ कसे चिकटले, आणि बारशाच्या बाबतीत कोणाचा वापर योग्य मानावा?

बाळसे, बाळकडू, रांगणे या शब्दांविषयीही कोणाला काही सांगावेसे वाटले तर अवश्य सांगावे. आजवर हे शब्द मी अग्रलेखांतच वाचत होतो. आता त्यांचे मूळ मालक माझ्या सदऱ्यावर लाळ गाळत असल्यामुळे त्यांच्याकडे नव्याने पाहणे भाग पडले आहे.

प्रतिसाद : पुणे

माझ्या मते सगळा उलगडा क्रियापदात आहे. आजी गालबोट ‘लावते’. मिरवणुकीला ते ‘लागते’. लावणाऱ्याचा हेतू असतो, तर लागणे हे कोणाच्या मनात नसताना घडते, आणि मराठीत ‘लागणे’ पुष्कळदा नको असलेल्या गोष्टींच्या सोबतीला येते: ठेच लागते, आग लागते, ग्रहण लागते, आणि दृष्टसुद्धा लागतेच. गालबोट या दुसऱ्या रांगेत जाऊन बसले तेव्हा ठिपक्याचा काळेपणा तेवढा उरला आणि तो लावणारे बोट गळून पडले. वर्तमानपत्रात ‘समाजकंटकांनी मिरवणुकीला गालबोट लावले’ असेही छापून येते हे मला ठाऊक आहे. पण तिथे कर्ता आजी नाही, एवढा फरक पुरेसा बोलका आहे.

‘तीट’ या शब्दावर मात्र ही वेळ आलेली नाही. ‘अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं, रुप्याचा वाळा, तान्ह्या बाळा तीट लावा’ या ओळींत ती जशी होती तशीच आजही आहे. ‘सामन्याला तीट लागली’ असे कोणी लिहीत नाही, हे तिचे भाग्य.

प्रतिसाद : सोलापूर

व्याकरणाआधी थोडे काजळाविषयी. आमच्याकडे तीट कपाळावर किंवा हनुवटीवर लावतात, आणि गालबोट, नावाप्रमाणेच, गालावर. काही घरांत एक ठिपका तळपायालाही असतो. पूर्वी काजळ घरीच धरत. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर ताट किंवा वाटी उपडी धरायची, जमलेली काजळी खरवडून तुपात कालवायची आणि डबीत भरायची. आता बालरोगतज्ज्ञ डोळ्यांत काजळ घालू नका असे बजावतात, आणि ते रास्तच आहे, कारण त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि बाजारच्या काही काजळांत शिसे आढळलेले आहे. त्यामुळे आमच्या सुनेने सासूशी तह केला: डोळ्यांत नाही, गालावर चालेल, तेही अगदी टिकलीएवढे.

परंतु हा तह बाळाने मान्य केलेला नाही. आजीने ठिपका लावून हात मागे घेण्याच्या आत बाळाची मूठ गालावर येते, मुठीतून ते काजळ कानापर्यंत जाते, आणि तिथून ज्याने उचलून घेतले असेल त्याच्या खांद्यावर उतरते. आमच्या मुलाने घरून कामाच्या एका बैठकीत कॅमेरा सुरू केला, तेव्हा समोरच्या वरिष्ठांनी मोठ्या संकोचाने, आपल्या गालाला काहीतरी लागले आहे, असे त्याला सांगितले. प्रस्तावकांनी विचारलेल्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका ठिपक्यात सामावले होते: बाळाला ते लावलेले होते आणि बापाला लागलेले होते.

एवढे करूनही संध्याकाळी मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्यांनी बाळाची दृष्ट काढली जाते ती जातेच. मिरच्या निखाऱ्यावर टाकल्यावर ठसका लागला नाही, तर दृष्ट फार मोठी होती असे मानतात. सदनिकेत निखारे नसल्यामुळे मिरच्या गॅसवर धरल्या जातात आणि ठसका शेजाऱ्यांनाही लागतो, म्हणजे निकाल नेहमी समाधानकारक असतो.

प्रतिसाद : नाशिक

मी अनेक वर्षे वर्तमानपत्राच्या वृत्तसंपादन विभागात काम केले आहे, त्यामुळे या शब्दाच्या वतीने दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य समजतो. पुण्याच्या प्रतिसादातला ‘लावणे’ आणि ‘लागणे’ हा भेद बरोबर आहे. पण मूळ अर्थ पुरता पुसला गेला, असे मात्र मला वाटत नाही. गालबोट कशाला लागते, हे नीट पाहावे. ते मिरवणुकीला लागते, संमेलनाला लागते, शांततेत पार पडत असलेल्या मतदानाला लागते, रंगलेल्या सामन्याला लागते. घोटाळ्याला गालबोट लागले, दुष्काळाला गालबोट लागले, असे एखाद्या शिकाऊ उपसंपादकानेही कधी लिहिले नाही. ज्या गोष्टीचा चेहरा मुळात देखणा आहे, तिलाच गालबोट लागू शकते. म्हणजे शब्दातले बोट गळाले असेल, पण गाल शाबूत आहे, आणि तो गाल बाळाचाच आहे.

प्रमाणाचेही तसेच आहे. ठिपका लहान आणि चेहरा मोठा, हे गृहीत असल्यामुळे ‘गालबोट’ लिहिले की बाकीचे सर्व सुरळीत झाले, हे वेगळे सांगावे लागत नाही. अपघातात माणसे दगावली असताना ‘सोहळ्याला अपघाताचे गालबोट’ असा मथळा आला, तर तो मी बदलत असे. त्यात व्याकरणाची चूक नव्हती; तो शब्द त्या दुःखाला फार लहान पडत होता.

या न्यायाने भावोजींचे वाक्य पूर्ण शुद्ध आहे. त्यांनी सोहळ्याला ‘उत्तम’ म्हटले आणि मगच ठिपका ठेवला. मातोश्रींनी त्याच ठिपक्याचा हेतू त्याला परत दिला, इतकेच.

प्रतिसाद : इंग्लंड

येथे हा शब्द समजावून सांगण्याची वेळ फारच गंभीर परिस्थितीत येते. माझी आई बाळंतपणासाठी सहा महिने येऊन राहिली होती आणि तिने गालबोटाचा नेम एक दिवसही चुकवला नाही. नवजात बाळाला पाहायला घरी येणाऱ्या आरोग्यसेविकेने पहिल्या भेटीत डाव्या गालावरचा ठिपका पाहून ती जन्मखूण असल्याची नोंद केली. आम्ही बाळाचे वजन किती भरते या काळजीत असल्यामुळे ते आमच्या लक्षात आले नाही. पुढच्या भेटीत ठिपका उजव्या गालावर होता. तिने आधीची नोंद वाचली, बाळाकडे पाहिले, पुन्हा नोंद वाचली, आणि मग अत्यंत सौम्य आवाजात विचारले की, हे तेच बाळ आहे ना. आईने तिला मराठीतून संपूर्ण शास्त्र समजावले, आणि निघताना तिच्याही गालाकडे बोट नेले होते, ते मी वेळीच अडवले.

माझ्यासाठी या प्रसंगातला शब्दविचार असा की, इंग्रजीत सांगताना मला एक अखंड वाक्य खर्चावे लागले आणि तरीही ‘उणे ठेवल्यामुळे राखण होते’ ही कल्पना तिच्यापर्यंत पोहोचल्यासारखी वाटली नाही. तिने शेवटी फाइलमध्ये ‘ठिपका, सरकता’ अशा अर्थाचे काहीतरी लिहिले.

प्रस्तावक

नाशिकचा प्रतिसाद मी आई आणि भावोजी या दोघांनाही वाचून दाखवला. दोघांनीही आपणच जिंकलो असे जाहीर केले असल्यामुळे तो विषय मिटला आहे. आता ‘बाळसे’ या शब्दाकडे वळावे, अशी विनंती आहे, कारण तो शब्द परवा माझ्या बाबतीत वापरला गेला.

प्रतिसाद : कोल्हापूर

बाळसे म्हणजे तान्ह्या मुलाच्या अंगावर येणारा भरीवपणा: मनगटाला पडणारी वळी, मांडीची घडी, मानेचे नाहीसे होणे. त्याचे क्रियापद ‘धरणे’. ‘धंद्याने आता बाळसे धरले आहे’ हा वापर तिथूनच आलेला असून तो दोषरहित आहे, फक्त घरात हे वाक्य इतक्या मोकळेपणाने उच्चारता येत नाही. पाहुण्यांनी ‘छान बाळसे धरलेय हो’ म्हटले की आजीने ‘कुठले हो, काही पीतच नाही’ असे उत्तर देणे बंधनकारक असते. त्या वेळी बाळ मागच्याच खोलीत दूध पिऊन गुळणी काढत असले तरीही.

मोठ्या माणसाला हा शब्द थट्टेनेच लावतात. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे आणि अळिवाचे लाडू डब्यातून कमी होत जातात, बाळंतीण शपथेवर सांगते की, ती दिवसाला एकच खाते, आणि मग बाळाच्या वडिलांच्या शर्टाची गुंडी बोलू लागते. प्रस्तावकांचे प्रकरण असेच असावे, असा माझा अंदाज आहे. शब्दकाटेकोर लोकांसाठी सांगतो की, वडिलांच्या अंगावर जे येते ते बाळसे नसून सूज होय.

प्रतिसाद : रत्नागिरी

‘बाळकडू’ आणि ‘गुटी’ यांतील फरक कोणीच सांगितला नाही, म्हणून लिहिते. बाळकडू म्हणजे लहान मुलांना द्यायचे कडू औषध. गुटी ही सहाणेवर उगाळून द्यायची: वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, मुरडशेंग, हिरडा, बदाम, खारीक यांचे ठरलेले वळसे, बाळ वाढेल तसे वाढवत न्यायचे. हल्ली डॉक्टर पहिले 6 महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगतात, त्यामुळे पुष्कळ घरांत सहाण फडताळात आणि वाद ओसरीवर असतो. वाक्प्रचारात मात्र बाळकडूच शिरले. पुढाऱ्याला राजकारणाचे बाळकडू मिळते, गुटी मिळत नाही. कारण गुटीत गोडवा आहे आणि ‘घरातूनच मुरलेले’ हा अर्थ कडूपणाशिवाय ठसत नसावा.

ज्या कोणी हा वाक्प्रचार रूढ केला, त्याने बाळाला कडू औषध पाजलेले नसावे, अशी मला दाट शंका आहे. ‘बाळकडू मिळाले’ म्हणताना ते पोटात गेले असे आपण समजून चालतो. प्रत्यक्षात चमचा ओठांपर्यंत जातो, जीभ बाहेर येते, आणि औषध समान वाटणीने दुपट्यावर, लाळेऱ्यावर आणि पाजणाऱ्याच्या साडीवर पोहोचते. काही पुढाऱ्यांच्या बाबतीत मिळालेल्या बाळकडूचेही असेच झाले असेल.

प्रतिसाद : नागपूर

‘तान्हा’ या शब्दाचा आमच्याकडचा विस्तार नोंदवून ठेवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो आणि मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. इथे तान्हे म्हणजे अंगावर पिणारे नव्हे. चांगली शाळेत जाणारी पोरेही त्यात असतात. आमच्या खऱ्याखुऱ्या तान्ह्याला यंदा बैलाशेजारी बसवले, तेव्हा त्याने शिंग तोंडात घातले आणि फोटो होईपर्यंत सोडले नाही.

प्रतिसाद : ठाणे

एक तक्रार माझीही. ‘प्रकल्प अजून रांगतोच आहे’, ‘योजनेची वाटचाल रांगत रांगत’ या वाक्यांत रांगणे म्हणजे मंद गती असे धरलेले असते. हे बहुधा चालणाऱ्याच्या दृष्टीने ठरवले गेले असावे, कारण रांगत्या मुलाच्या मागे धावलेला माणूस असे लिहिणार नाही. पालथे पडणे, पोटावर सरकणे, बसणे या सगळ्यांना बाळ मनासारखा वेळ घेते. पण गुडघे आणि तळवे एकदा जुळून आले की, आपण दूध उतू जाते का हे पाहायला ओट्याकडे वळावे आणि परत पाहावे तर सतरंजी रिकामी. मंद गतीसाठी कासव आहे, गोगलगाय आहे, सरकारी फाइल आहे. रांगणे कृपया सोडून द्यावे. एखाद्या प्रकल्पाला खरोखर रांगता म्हणायचेच असेल, तर तो कोणाचेही लक्ष नसताना दाराबाहेरच्या चपलांपर्यंत पोहोचलेला असला पाहिजे, आणि त्यातली एक त्याच्या तोंडात असली पाहिजे.