लायब्ररी किती जीबीची, यावर जाऊ नका

कॉम्प्युटरवर वाजवायच्या पियानो लायब्ररीबद्दल (म्हणजे खऱ्या पियानोच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा संच) ‘जास्त जीबी म्हणजे चांगला पियानो’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. बऱ्याचदा ती जागा तीन-चार माइक पोझिशन्स, म्हणजे वेगवेगळ्या जागी माइक ठेवून केलेली तीच रेकॉर्डिंग्ज, खातात. व्हेलॉसिटी लेयर्स (एकाच सुराची हलक्या ते जोरात वाजवलेली वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज) मोजकेच असतात. डेमो मिळाला तर मधला सा अगदी हलक्यापासून जोरापर्यंत हळूहळू वाढवत वाजवा. आवाजाचा पोत मध्येच टुणकन बदलला, तर लेयर कमी आहेत किंवा नीट जुळवलेले नाहीत. खर्जातली पट्टी दाबून धरा, विरत जाणाऱ्या शेपटीत लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणं) असेल तर लगेच कळतो. हाफ-पेडल (सस्टेन पेडल अर्धवट दाबण्याचा परिणाम) हवं असेल तर पेडलही ० ते १२७ अशी सलग व्हॅल्यू पाठवणारं लागतं. साधं ऑन-ऑफ पेडल असेल तर त्या फीचरचे पैसे फुकट. पेडल दाबल्यावर सूर तुटत असतील तर आधी पॉलिफनीची (एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांची) मर्यादा वाढवा, एकच माइक ठेवा.